मोहोरावरच्या माशा

यंदा मोहोर आठ-दहा दिवस आधीच आला, आणि त्याच्यासोबत माझी लाजही आली. ती दर वर्षी येते. पौष सरत आला, उत्तरेचा गार वारा सुटला आणि कलमांच्या शेंड्यांवर तांबूस-पिवळे तुरे दिसायला लागले की आजूबाजूच्या बागायतदारांचे चेहरे उजळतात. कुणाची बाग किती फुटली, तुडतुडा पडला का, याच्या गप्पा ओटीवर रंगतात. मी आपली आत पोहे परतत बसते. तेरा वर्षं झाली, पण मोहोराचा तो तुरट-गोड वास खिडकीतून आला की मला कुणाच्या तोंडाकडं बघवत नाही.

परवा तुळशीला पाणी घालून झालं आणि अंगणाच्या कडेच्या कलमापाशी उभी राहिले. खालची फांदी माझ्या खांद्याला लागते. तिच्यावरचा तुरा नुकता उमलला होता आणि त्यावर माशा होत्या. आपण सगळ्यांना सरसकट माशी म्हणतो, पण नीट पाहिलं तर त्यांच्यात किती जाती! एक हिरवीगार चकचकणारी, एक निळसर, एक तांदळाच्या कणीएवढी काळी, एक मधमाशीचं सोंग घेतलेली पट्ट्यापट्ट्यांची. फुलावर बसायचं, सोंड टेकवायची, पुढचे पाय एकमेकांवर चोळायचे आणि पुढच्या फुलावर जायचं. ऊन तिरपं होतं म्हणून त्यांच्या पायांना लागलेली पिवळी धूळसुद्धा दिसत होती.

त्या माशीला आंब्याचं काही पडलेलं नसतं. ती आपली गोडाच्या थेंबासाठी येते. आंब्यालाही तिचं कौतुक नाही. दोघांपैकी कुणीच दुसऱ्यावर उपकार करत नाही, तरी चैत्रात फांदी वाकते. म्हशीच्या पाठीवर बगळा बसतो तेव्हाही असंच. त्याला गोचीड मिळतात, तिला खाज भागल्याचं सुख मिळतं. दोघं एकमेकांकडं बघतसुद्धा नाहीत. आमच्याकडं भाताच्या लावणीला आज सगळी वाडी एकाच्या खाचरात उतरते, उद्या दुसऱ्याच्या. तिथं माणसं भांडतात, उणीदुणी काढतात, पण दुसऱ्या दिवशी वाकायला हजर असतात. हे सगळं मला आता दिसतं. दिसायला हवं होतं तेव्हा मी नाकानं कांदे सोलत होते.

मी पुण्याची. हे वाक्य त्या काळी मी दिवसातून दोनदा तरी म्हणत असे. मराठी सातवी झालेली, आरोग्याच्या पुस्तकातले धडे तोंडपाठ, उकळलेलं पाणी, झाकलेलं अन्न, सगळं कसं शिस्तीत. लग्न होऊन आले ती आऱ्याच्या खाडीच्या वरच्या अंगाला असलेल्या या घरात. हे रत्नागिरीला शाळेत मास्तर. सोमवारी पहाटे तर, म्हणजे खाडी ओलांडायची होडी, पकडून जायचे, ते शनिवारी संध्याकाळी परत. घरात मी, मामंजी आणि पुढं माझी कुसुम. घरामागं कातळावर सव्वाशे कलमांची बाग. कातळ फोडून, दुसरीकडची माती टोपल्यांनी आणून, कावडीनं पाणी घालून मामंजींनी ती उभी केली होती. मामंजींनी म्हणजे मामंजींनी आणि धाकूनं. धाकू हा आमचा बागेचा गडी, बागेच्या टोकाला खोपटात बायकोसह राहायचा. मामंजी तरुण होते तेव्हापासूनचा तो. त्याचा मुलगा मुंबईला गिरणीत होता, पण धाकू काही बाग सोडून कुठं गेला नाही.

या घरात एक रीत होती. मोहोर उमलला की फळाची बारीक कणी धरेपर्यंत, म्हणजे तीन आठवडे म्हणा, घरातल्या कुणी बागेत पाऊल टाकायचं नाही. मोहोराला दृष्ट लागते, असं मामंजी सांगायचे. ते दिवस बाग धाकूची. मामंजी कडक माणूस, संध्या चुकायची नाही, कांद्याचा वास आला तर ताटावरून उठायचे, आणि बागेतल्या पहिल्या आंब्यांची करंडी पुळ्याच्या गणपतीला गेल्याशिवाय घरात कुणी आंब्याला हात लावायचा नाही. मोहोराच्या दिवसांत कधी वारा फिरला आणि बागेच्या दिशेनं घाण वास आला की ते तपकिरीची चिमूट नाकात कोंबायचे आणि म्हणायचे, ‘खाडीला ओहोटी आहे वाटतं.’ एकदा मी भोळेपणानं म्हटलं होतं, मामंजी, आत्ता तर भरती आहे. त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की पुन्हा मी खाडीचा विषय काढला नाही.

मामंजी ज्या वर्षी गेले, त्याच पावसाळ्यात कुसुमला हगवण लागली. अडीच वर्षांची पोर, बारा दिवसांत पाठीचे मणके मोजता यावेत अशी झाली. वाचली, पण त्या बारा दिवसांत मी जे भोगलं ते वैऱ्यावरही येऊ नये. रत्नागिरीचे डॉक्टर म्हणाले, हे सगळं माशांपायी. ते मी काळजावर कोरून घेतलं. घरात माशी दिसली की माझं डोकं फिरायचं. आणि अशात पौष सरला, मोहोर फुलला.

रीत मी मोडली. दृष्ट वगैरे खुळचट समजुती, म्हटलं, आपली बाग आपण का पाहू नये. सकाळी नऊच्या सुमाराला दगडी गडग्याची बेडी, म्हणजे बांबूचं फाटक, ओलांडून आत गेले. सगळी बाग फुललेली. पानं दिसत नव्हती इतका मोहोर. ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून कळायचं नाही. मी वर बघत चालले होते. मग खाली बघितलं, तर खालच्या फांद्यांना काथ्यानं बांधलेल्या करवंट्या लटकत होत्या. प्रत्येक झाडाला दोन-तीन. मला वाटलं, धाकूनं पाखरांना पाणी ठेवलंय. बरं वाटलं. जवळ जाऊन वाकून पाहिलं.

करवंटीत तारली मासळी होती. कुजलेली, पाझरलेली, आणि तिच्यावर माशांचा थर. मी वाकले तसा तो थर उठला आणि माझ्या तोंडावर आला.

पुढचं काय सांगू. पदर नाकाला लावून मी धाकूच्या नावानं ओरडले. तो तेव्हा साठीच्या घरात, मी चोविशीची. पण तो गडी आणि मी मालकीण, म्हणून मी त्याला अरेतुरे करायची. त्यात काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. तो आला, बागेत मला पाहून आधी चपापला, मग डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं. मी जे तोंडाला येईल ते बोलले. गणपतीला जाणाऱ्या आंब्याच्या झाडाला मासे बांधतोस, माझी पोर मरता मरता वाचली आणि तू इथं माशा पोसतोस, असं बरंच. तो ऐकून घेत होता. माझा दम संपल्यावर हळू म्हणाला, ‘वैनी, माशी नाय बसली तर कनी नाय धरायची.’

मग त्यानं समजावायचा प्रयत्न केला. मधमाशी आंब्याला फारशी भीक घालत नाही, तिला दुसरी फुलं पुष्कळ. आंब्याचं काम माशी करते. पण माशीला नुसत्या मोहोराचा वास पुरत नाही, तिला आधी घाणीनं बोलवायचं, मग आलेली माशी फुलावर बसते. त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं, बापाला त्याच्या बापानं. मी म्हटलं, अडाणीपणाला अंत नाही. तेव्हा तो खाली बघत एवढंच बोलला, ‘थोरल्या भाऊंना ठाव व्हतं. पन ते कदी बगाय आले नाय.’

हे तर मला आगीत तेल ओतल्यासारखं झालं. मामंजींना ठाऊक होतं? मामंजींना, कांदा न खाणाऱ्या माणसाला? देवाघरी गेलेल्या माणसावर आळ घेतोस, लाज नाही वाटत, असं मी त्याला बोलले. लाज हा शब्द मीच वापरला होता.

त्याच दिवशी सगळ्या करवंट्या उतरल्या. धाकूनं आणि त्याच्या बायकोनं, जनीनं, त्या पाट्यांत भरून खाली पुळणीवरच्या वाळूत नेऊन पुरल्या. मी रत्नागिरीहून फिनेलच्या बाटल्या मागवल्या, पाण्यात कालवून केरसुणीनं झाडांच्या बुंध्यांवर शिंपडायला लावलं. निरगुडीच्या पाल्याचा धूर सकाळ-दुपार केला. मी सांगेन ते धाकू करत होता. आठ दिवसांत बागेत माशी औषधाला उरली नाही. मी माहेरी पत्र लिहिलं की इकडच्या लोकांना आरोग्य कशाशी खातात तेही माहीत नाही, मी आता एकेकाला शिकवते आहे. ते पत्र आठवलं की अजून कान तापतात.

त्या शांत बागेची मला फार ऐट वाटली होती. आता वाटतं, फुललेल्या झाडाखाली आवाज नसणं यासारखं भयंकर काही नाही. मोहोर आहे, ऊन आहे, वारा आहे, आणि गुणगुण नाही. मोहोर पंधरा दिवस तसाच राहिला, मग वाळला. तुऱ्यावरून हात फिरवला की भुसा खाली पडायचा. काड्या नुसत्या उभ्या राहिल्या. कुठं एखाददुसरी कणी, तीही पिवळी पडून गळायची. हवा चांगली होती, मळभ नव्हतं. पलीकडच्या बागा वाटाण्याएवढ्या, मग सुपारीएवढ्या फळांनी भरत होत्या. आमच्याकडं पानंच पानं.

चैत्रात आंबे उतरवायला दर वर्षीचे गडी आले, खांद्यावर घळी घेऊन. घळ म्हणजे आंबा अलगद काढायची जाळी लावलेली काठी. मुंबईच्या बोटीला पेट्या जायच्या म्हणून लगबगीनं आलेली सहा-सात माणसं. ती बेडीपाशी उभी राहिली आणि वर बघत राहिली. त्यांच्यातला एकजण म्हणाला, भाऊंच्या पाठी बागेनंही पाठ फिरवली म्हणायची. मला ते झोंबलं. सगळ्यांच्या देखत मी धाकूकडं वळले आणि म्हटलं, ‘राखण केली नाहीस. मोहोराच्या दिवसांत झोपा काढल्यास, म्हणून ही वेळ आली.’

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. धाकूनं मान वर करून माझ्याकडं पाहिलं. त्याला एक वाक्य पुरलं असतं. करवंट्या काढायला तुम्हीच सांगितलंत, एवढं म्हटलं असतं तरी ती माणसं समजली असती. कोकणातल्या माणसाला काय सांगायचं. पण ते बोलायचं म्हणजे आमच्या बागेत मासे बांधत होते हे चारचौघांत बोलायचं. मामंजींचं नाव त्यात येणार, गणपतीच्या करंडीची गोष्ट येणार. झाकली मूठ त्यानं तीस वर्षं झाकून ठेवली होती. त्या दिवशी ती उघडून स्वतःला सोडवता आलं असतं, पण त्यानं उघडली नाही. मुंडासं डोक्याला गुंडाळून तो खोपटाकडं गेला. मी मागून ओरडून सांगितलं, पावसाच्या आधी खोपट मोकळं कर.

शनिवारी हे आले तेव्हा म्हणाले, बाबांचा माणूस आहे, जरा थांबू या. मी नाही म्हटलं. यांना करवंट्यांची गोष्ट मी सांगितलीच नव्हती. धाकूनं अक्षय्य तृतीयेपर्यंतची मुदत मागून घेतली, मुलीच्या गावी जायचं ठरवलं. संगमेश्वराच्या बाजूला, आत डोंगरात कुठंतरी तिला दिलेली होती.

आणि आता मी ते सांगते, ज्याच्यासाठी हे लिहायला बसले. इथवरची चूक अडाणीपणाची होती. पोर आजारी पडलेली आई घाबरते, देव क्षमा करील. पण अक्षय्य तृतीयेला आठ दिवस होते तेव्हा मी बागेच्या खालच्या टोकाला गेले होते, वाळलेला पाला गोळा करवून घ्यायला. त्या टोकाला गडग्याच्या पलीकडं खारव्यांच्या बायका पुळणीवर मासळी वाळत घालतात. गडग्याला लागून आमची तीन कलमं आहेत. ती तीन कलमं आंब्यांनी लगडली होती. फांद्या जमिनीला टेकल्या होत्या. गडग्यावर, दगडांवर, वाळत घातलेल्या मासळीवर माशा होत्या आणि त्यांचा आवाज येत होता. वर सव्वाशे झाडं मोकळी, आणि इथं ही तीन.

मी पाहिलं आणि मला कळलं. सावकाश कळलं, नंतर कधीतरी कळलं, असं म्हणायची सोय मला नाही. तिथं उभ्या उभ्या, त्याच क्षणी सगळं कळलं. मासळी, माशी, मोहोर. तपकीर, ओहोटी, मोहोराची दृष्ट. मामंजी का जात नव्हते तेही कळलं. ते न पाहून धाकूला त्याचं काम करू देत होते, आणि धाकू न बोलून त्यांना त्यांचं सोवळं पाळू देत होता. दोघांनी एकमेकांना कधी काही विचारलं नसेल. त्यांचं ते न बघणं आणि न बोलणं यांवर सव्वाशे झाडं उभी होती.

धाकूचं खोपट तिथून पन्नास पावलांवर. जनी दारात बसून गाठोडं बांधत होती. मी जाऊन एवढंच म्हणायचं होतं की धाकू, माझं चुकलं, राहा. चार शब्द. मी परत फिरले. म्हटलं, उद्या सांगू. उद्या कुसुमच्या अंगात कसकस होती. परवा एकादशी. मग वाटलं, हे शनिवारी आल्यावर यांनीच सांगितलेलं बरं. शनिवारी हे आले, मी वरणभात वाढला आणि गप्प बसले. खरं कारण एवढंच की मी पुण्याची, आणि मला एका कुणब्यापुढं चुकले म्हणायचं नव्हतं. आठ दिवस मी हे करत होते. रोज सकाळी उठून मी ते नव्यानं केलं. नवव्या दिवशी धाकू आणि जनी गेले. जाताना धाकूनं बागेच्या मातीला हात लावून कपाळाला लावला, आणि माझ्याकडं वळून वाकला. मी कुसुमची वेणी घालत ओटीवर बसले होते. वेणीवरून मी डोळे वर केले नाहीत.

त्या वर्षीची गणपतीची करंडी त्या तीन कलमांच्या आंब्यांनी भरली. मीच घेऊन गेले पुळ्याला. देवापुढं उभी राहिले, पण काही मागायचा धीर झाला नाही.

आणखी एक सांगून टाकते. पुढच्या वर्षी नवा गडी ठेवला होता. पौषात मी त्याला बाजूला बोलावून म्हटलं, या बागेत पूर्वीपासून जे करत आले ते कर, मला काही सांगू नकोस. तो हसला, त्याला कळलं. मोहोर उमलल्यावर मी बागेत पाऊल टाकलं नाही. शेजारणी म्हणाल्या, हल्ली सासऱ्यांची रीत पाळता वाटतं, चांगलं आहे. त्या चैत्रात बाग अशी धरली की टेकू लावावे लागले. सगळे म्हणाले, वैनींच्या हाताला गुण आहे. मी हसून मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला.

आता कुणी म्हणेल, मामंजीही कानाडोळा करत होते आणि तुम्हीही केलात, त्यात एवढं काय. मीही स्वतःला असं पुष्कळ समजावून पाहिलं. पण त्यांच्या कानाडोळ्याच्या आडोशाला एक माणूस राहत होता. माझ्या आडोशाला मी एकटीच.

दोन वर्षांनी मार्गशीर्षात मी संगमेश्वराकडं गेले. यांना सांगितलं, धाकूला परत बोलवू या, बाग त्याच्यावाचून ओळखीची वाटत नाही. हे आनंदानं हो म्हणाले, छकडा ठरवून दिला. वाटभर मी ते वाक्य मनात म्हणत होते. धाकू, मला कळलं होतं. तू जायच्या आधी आठ दिवस मला कळलं होतं. चूक झाली एवढं म्हणून सुटायचं नाही, हे सगळं म्हणायचं, असं मी ठरवलं होतं.

अंगणात जनी भात पाखडत होती. कपाळ मोकळं. मला पाहून उठली, सूप बाजूला ठेवलं, माझ्यासाठी घोंगडी झटकून अंथरली. धाकू शिमग्याच्या सुमाराला गेला, म्हणाली, ताप आला नि पाच दिवसांत गेला. केळीच्या पानावर तिनं गुळाचा खडा माझ्यापुढं ठेवला. पाणी ठेवलं नाही, कारण तिच्या हातचं आम्ही घेत नाही हे तिला माहीत होतं आणि माझ्यावर नको म्हणायची पाळी तिला येऊ द्यायची नव्हती. कुसुम केवढी झाली, ते तिनं विचारलं. बाग कशी आहे, ते विचारलं. मी सगळ्याची उत्तरं दिली. तोंडाशी आलेलं वाक्य प्रत्येक वेळी मागं सारलं, म्हटलं, हे उत्तर देऊन होऊ दे, मग सांगते.

मग जनी आपणहून म्हणाली, ‘मरंस्तवर सांगायचे, वैनींना ठाव नव्हतं, म्हनून झालं. ठाव असतं तर त्यांनी आमाला जाऊ दिलं नसतं. व्हय ना वो वैनी?’

मी म्हटलं, ‘हो.’